विंडोज १०चा आधार सुटला, आता दुकानातल्या तीन मशीनचं काय करू?

पत्र तालुक्याच्या गावी टायपिंग, डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या एका ताईंचं आहे. दुकानात तीन कॉम्प्युटर, तिन्हींवर विंडोज १०. काउंटरवरचा असेम्बल केलेला, आय३-८१०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम. त्यावर ऑनलाइन फॉर्म, आधारचं ठशाचं यंत्र, टॅली, आणि कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर. आतल्या खोलीत डीटीपीचा, आय३-४१५०, ४ जीबी रॅम. त्यात डोंगल (लायसन्सची छोटी किल्ली) लावून चालणारं जुनं मराठी फाँटचं सॉफ्टवेअर, डिझाइनचं जुनं कोरल, आणि पत्रिका, भाडेकरार, प्रतिज्ञापत्रांचे चौदा वर्षांचे नमुने. तिसरा मुलीचा जुना लॅपटॉप, आय३-५००५यू. तपासणीचं अ‍ॅप तिन्हींवर चालवलं, तर विंडोज ११ला तिन्ही नापास. कॉम्प्युटरवाला दुकानदार म्हणतो, तिन्ही भंगार झाली, काढा, नवीन घ्या. इंजिनिअरिंगला असलेला भाचा म्हणतो, तिन्हींवर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) टाकून देतो, नाहीतर विंडोज १०ला एक वर्षाची फुकट मुदतवाढ आहेच. मिस्टर म्हणतात, चालतंय ना, मग हात कशाला लावता? ताई विचारतात, कुणाचं ऐकू?

ताई,

मिस्टरांचं ऐका, पण आतल्या खोलीपुरतं. भाच्याचं ऐका, पण लॅपटॉपपुरतं. दुकानदाराचं एवढंच खरं की काउंटरवर विंडोज ११ लागणार. त्यासाठी नवीन मशीन लागणार, हे मात्र मला पटत नाही.

तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, की तिन्हींना एकच उत्तर हवं. ते कशासाठी? तिन्ही मशीनचं काम वेगळं, त्यांना जोडलेल्या वस्तू वेगळ्या, आणि बिघडलं तर होणारं नुकसानही वेगळं. ‘कोणती सिस्टिम चांगली’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि एका कागदावर प्रत्येक मशीनखाली लिहा, की याला काय काय जोडलंय आणि कुठलं सॉफ्टवेअर नसेल तर उद्या गिऱ्हाईक परत जाईल. निम्मं उत्तर त्या कागदातच मिळेल.

आधी त्या तारखेचं बघू. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला, म्हणजे त्यात नवीन सापडणारी भोकं बुजवणं थांबलं. मशीन बंद पडत नाही, म्हणून मिस्टरांचं म्हणणं खरं वाटतं. पण २०१७ आठवा. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस ज्या भोकातून शिरला, ते बुजवणारं अपडेट १४ मार्चलाच आलं होतं आणि हल्ला झाला १२ मेला. दोन महिने अपडेट न टाकलेली मशीन त्यात अडकली. तुमच्या काउंटरवर दिवसभर अनोळखी लोकांचे पेनड्राइव्ह लागतात, मेल उघडले जातात, आधार-पॅनच्या प्रती साठतात. तिथे ‘चालतंय’ हा निकष पुरत नाही. दुसरं, वेबसाइट लगेच उघडेनाशा होतील ही भीती सोडा. विंडोज ७चा आधार जानेवारी २०२०मध्ये संपला, पण क्रोमने ती सोडली २०२३मध्ये. घाई वेबसाइटची नाही, सुरक्षिततेची आहे.

आता काउंटरचं मशीन. आय३-८१००मधला ८ हा आकडा आठवी पिढी सांगतो, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालते. मग तपासणीत नापास का? असेम्बल केलेल्या मशीनमध्ये याची दोन कारणं जवळपास ठरलेली असतात. प्रोसेसरच्या आतली टीपीएमची (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी) सोय बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेली असते. आणि विंडोज जुन्या ‘लेगसी’ पद्धतीने टाकलेली असते, म्हणजे डिस्कची मांडणी एमबीआर या जुन्या प्रकारची असते. विंडोज ११ला टीपीएम २.० आणि युईएफआय (बायोसची नवी पद्धत), सिक्युअर बूट (फक्त खात्रीची सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) पेलणारं मशीन लागतं. हार्डवेअरमध्ये हे सगळं आहे, फक्त चालू केलेलं नाही. स्टार्टमध्ये एमएसइन्फो३२ असं रोमन अक्षरांत टाइप करा आणि ‘बायोस मोड’समोर काय लिहिलंय ते बघा. तिथे ‘लेगसी’ असेल तर निदान पक्कं.

पण त्याआधी लायसन्स तपासा, कारण ते खोटं असेल तर पुढचं सगळं व्यर्थ. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एसएलएमजीआर स्लॅश एक्सपीआर’ ही आज्ञा द्या. ‘कायमस्वरूपी सक्रिय’ अशा अर्थाचा संदेश आला तर ठीक. सहा महिन्यांच्या आतली एखादी मुदतीची तारीख दिसली, तर बसवणाऱ्याने बहुधा क्रॅक, म्हणजे लायसन्स चुकवणारी चोरवाट, वापरलाय. असली क्रॅक आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतात, हे लक्षात घ्या. ज्या मशीनवर लोकांचं आधार जातं तिथे ती नकोच. अशा वेळी खरं लायसन्स विकत घेऊन कोरी विंडोज ११ टाकणं हाच स्वच्छ मार्ग. लायसन्स खरं असेल तर १०वरून ११वर जायला पैसे लागत नाहीत.

डिस्कची मांडणी एमबीआरवरून नव्या जीपीटी प्रकारात बदलायचं काम मायक्रोसॉफ्टच्याच एका हत्याराने होतं. त्याचं नाव एमबीआर२जीपीटी, आणि ते विंडोज १०मध्ये असतंच. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून आधी ‘व्हॅलिडेट’ आणि ‘अलाऊफुलओएस’ हे दोन पर्याय लावून चालवायचं. यात काही बदलत नाही, फक्त जमेल का ते कळतं. तुमच्याकडे ते बहुतेक ‘जमणार नाही’ म्हणेल. आपल्याकडे बसवणारे हौसेने सी, डी, ई, कधी एफसुद्धा ड्राइव्ह पाडून देतात. या हत्याराला मात्र जास्तीत जास्त तीन प्रायमरी भाग चालतात, आणि एक्स्टेंडेड किंवा लॉजिकल भाग अजिबात चालत नाही. विंडोजचा स्वतःचा एक लपलेला भाग असतो, तोही या तिनांत मोजला जातो. म्हणून ई आणि एफमधलं सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या, त्या डिस्कवरच्या दोन-चार फाइल उघडून बघा, आणि मगच डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ते भाग उडवा. पुन्हा व्हॅलिडेट करा. पास झालं की ‘कन्व्हर्ट’.

यानंतरचा क्रम चुकला की लोक घाबरतात. आधी कन्व्हर्ट, मग बायोस. उलटं केलं, म्हणजे आधी बायोसमध्ये सीएसएम (जुन्या ‘लेगसी’ पद्धतीने मशीन उठू देणारी सोय) बंद केलं, तर मशीन ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ म्हणतं. तसं झालं तर डेटा गेला असं समजू नका, सीएसएम परत चालू करा, मशीन पूर्ववत उठेल. कन्व्हर्ट झाल्यावर बायोसमध्ये सीएसएम बंद करा, इंटेलचं पीटीटी, म्हणजे तीच टीपीएमची सोय, चालू करा (बोर्डानुसार ते पेरिफेरल्स, अ‍ॅडव्हान्स्ड असल्या कुठल्यातरी पानावर लपलेलं असतं), आणि सिक्युअर बूट चालू करा. सिक्युअर बूट चालू करूनही ‘सक्रिय नाही’ दिसलं, तर त्याच पानावरून मूळच्या किल्ल्या परत भराव्या लागतात. मशीनमध्ये जुनं ग्राफिक कार्ड असेल तर सीएसएम बंद केल्यावर पडदा काळा राहू शकतो. मग कार्ड काढा आणि मॉनिटरची वायर थेट मदरबोर्डला लावा, या प्रोसेसरमध्ये ग्राफिक आहेच. तपासणीचं अ‍ॅप पुन्हा चालवा. पास झालं की विंडोज अपडेटमधून ११ घ्या, आणि २५एच२ ही आवृत्ती मिळत असेल तर तीच. फाइल, टॅली, लॉगिन सगळं जागच्या जागी राहतं. पटलं नाही तर १० दिवसांच्या आत सेटिंगमधून परत १०वर येता येतं, म्हणून ते दहा दिवस डिस्क क्लीनअप चालवू नका, जुनी विंडोज त्यात पुसली जाते.

भाच्याला इथे लिनक्स टाकू देऊ नका. टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. ठशाच्या यंत्राची सर्व्हिस तुम्ही विंडोजवरची वापरता, आणि उद्या पोर्टलने काही बदललं तर मदतकेंद्र पहिला प्रश्न विंडोजचाच विचारेल. शिवाय तुमचा एलबीपी २९०० हा मजबूत प्रिंटर कॅननच्या स्वतःच्या कॅप्ट भाषेत बोलतो, आणि लिनक्सवर त्या भाषेचं गाडं सतत अडतं. सकाळी रांग लागलेली असताना प्रिंटर का बोलेना हे शोधत बसणं परवडत नाही.

आता त्या फुकट मुदतवाढीबद्दल, कारण हा प्रश्न बऱ्याच वाचकांचा आहे. घरगुती वापरासाठी विंडोज १०ला १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. त्यासाठी मशीनवर २२एच२ आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन हवं. सेटिंगची नोंद त्या खात्यात जाऊ दिली तर पैसे नाहीत. नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट, किंवा एकदाच ३० डॉलर, आणि तेवढ्यात एका खात्यावर दहापर्यंत मशीन. ज्यांचं मशीन फक्त घरी आहे त्यांनी हे घ्यावं. पण ही योजना धंद्याच्या वापरासाठी नाही, ताई. धंद्यासाठीची वेगळी आहे, तिला पहिल्या वर्षी दर मशीनमागे ६१ डॉलर, पुढे दर वर्षी दुप्पट, आणि कमाल तीन वर्षं. आय३-४१५०वर इतके पैसे घालणं मला शहाणपणाचं वाटत नाही. बटण दिसतंय म्हणून दाबायला कुणी अडवणार नाही, पण दुकानाचं लायसन्स स्वच्छ ठेवायचं तर काय आहे ते माहीत असावं.

आतल्या खोलीकडे येऊ, कारण तुमच्या पत्रातला खरा गुंता तिथे आहे. विंडोजपेक्षा मला त्या चौदा वर्षांच्या नमुन्यांची काळजी जास्त वाटते.

आधी सेटिंगमध्ये ‘सिस्टिम टाइप’ बघा. ४ जीबीच्या त्या काळच्या मशीनवर बरेचदा ३२ बिट, म्हणजे जुन्या बांधणीची, विंडोज असते. विंडोज ११ ३२ बिटमध्ये येतच नाही. जुन्या काळातल्या पुष्कळ सॉफ्टवेअरचे इन्स्टॉलर १६ बिटचे असतात, ते ३२ बिट विंडोजवर चालतात आणि ६४ बिटवर अजिबात उघडत नाहीत. म्हणजे आज चालणारं तुमचं सॉफ्टवेअर नव्या मशीनवर बसेलच असं नाही. सीडी हातात आणि डोंगल खिशात असूनही अडेल. डोंगलच्या जुन्या ड्रायव्हरला विंडोज ११मधलं ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही सुरक्षेची सोय आडवी येते, ती वेगळीच कटकट.

म्हणून या मशीनच्या विंडोजला हात लावू नका. फक्त त्याची लॅनची वायर काढा, वायफायचा डोंगल असेल तर तोही, आणि पुन्हा लावू नका. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह इथे कधीच लागता कामा नये. तो आधी काउंटरवर, तिथे विंडोजच्या डिफेंडर अँटिव्हायरसने तपासायचा, मग दुकानाच्या स्वतःच्या एका पेनड्राइव्हने लागेल तेवढीच फाइल आत न्यायची. अशा बंदिस्त मशीनवर आधार संपलेली विंडोज १० चालवायला माझी हरकत नाही.

त्या मशीनला धोका व्हायरसपेक्षा हार्डडिस्कचा आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं फुकट अ‍ॅप पेनड्राइव्हवरून चालवा. त्यात ०५ आणि सी५ या दोन ओळींतले (डिस्कवरच्या खराब जागांचे) आकडे बघा. शून्य असतील तर श्वास घ्या. नसतील तर आजच कामाला लागा. दोन्ही परिस्थितींत क्लोनझिला या फुकट सॉफ्टवेअरने पूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि तीच प्रतिमा एका सॅटा एसएसडीवर (चकती न फिरणाऱ्या वेगवान डिस्कवर) उतरवा. एसएसडी जुन्या डिस्कइतकी किंवा मोठी हवी, लहान असेल तर क्लोनझिला कुरकुरतं. डोंगलवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरला डिस्क बदलल्याचं सहसा काही वाटत नाही. मात्र काही सॉफ्टवेअर डिस्कच्या क्रमांकाला बांधलेली असतात, म्हणून जुनी डिस्क महिनाभर तरी तशीच जपून ठेवा. एसएसडी लावल्यावर तेच मशीन किती वेगाने चालतं ते बघून दुकानदाराचं ‘भंगार’ तुम्हाला आठवेल.

आणि नमुने. तुमच्या जुन्या फाइलींत मराठी अक्षरं मुळात नाहीतच. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच आहेत, फक्त तो फाँट त्यांना मराठी रूप देतो. फाँट नसला की पडद्यावर कचरा दिसतो, तो त्यामुळेच. म्हणून पहिलं काम, फाँट फोल्डरची प्रत प्रतिमेशिवाय वेगळीही ठेवा.

मग युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसते त्या पद्धतीत, उतरवायचं, पण सगळं नाही. २०१३ सालची लग्नपत्रिका पुन्हा कुणी मागणार नाही. दर आठवड्याला लागणारे पंधरा-वीस नमुने असतील, भाडेकरार, प्रतिज्ञापत्र, अर्ज, तेवढेच घ्या. कन्व्हर्टर वापरा, पण डोळे झाकून नको. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलट, वेलांटी अक्षरानंतर साठते आणि रफाराचा र आधी. ‘आर्थिक’ या एका शब्दात दोन्ही एकाच अक्षरावर बसतात, म्हणून कच्चा कन्व्हर्टर तिथे हमखास घसरतो. कुठलाही कन्व्हर्टर घेतला की आधी त्याला आर्थिक, विद्यार्थिनी, सुऱ्या, तऱ्हा, ज्ञानेश्वर, शृंगार एवढे शब्द खाऊ घाला. हे नीट आले तर पुढचा करार टाका. करारात आकडे, गट नंबर आणि नावं मात्र मूळ प्रिंट शेजारी ठेवून वाचायचीच.

युनिकोड नमुने काउंटरच्या मशीनवर वर्ड किंवा लिब्रेऑफिसमध्ये ठेवा. कोरलच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोड मराठी टाकलं की जोडाक्षरं सुटी पडतात, त्यामुळे पत्रिकेचं काम तूर्त जुन्याच खोलीत चालू द्या. आणखी एक बारीक गोष्ट. विंडोज ११मध्ये मंगल फाँट नेहमी बसवलेला नसतो. मंगलमध्ये केलेला करार उघडल्यावर ओळी खाली-वर झाल्या तर दचकू नका, ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये जाऊन देवनागरीचे पूरक फाँट घ्या. नव्या कामासाठी मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बलू मोफत आहेत आणि छपाईत छान दिसतात. टायपिंगला विंडोजमध्येच मराठी इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक कीबोर्ड मिळतो. जुन्या टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीची सवय असलेल्या बोटांना इनस्क्रिप्ट पहिले काही आठवडे शिव्या घालायला लावतो, हे मान्य.

उद्या आतलं मशीन गेलंच, तर नव्या मशीनवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (मशीनच्या आत दुसरं मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) जुनी ३२ बिट विंडोज इंटरनेटशिवाय चालवून डोंगल तिच्याकडे वळवता येतो. बहुतेक डोंगल असे चालतात. हे काम भाच्याला द्या, त्याला आवडेल. ते तो आत्ताच करून बघू शकतो, मशीन मरायची वाट कशाला बघायची?

लॅपटॉपचं फार अवघड नाही. पाचवी पिढी आहे, विंडोज ११ अधिकृतपणे चालणार नाही. अटी चुकवून ११ टाकायच्या युक्त्या आहेत, पेनड्राइव्हवर विंडोज चढवणाऱ्या रुफस अ‍ॅपमध्ये दोन टिक केल्या की होतं. पण तशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि दर वर्षीची नवी आवृत्ती हाताने बसवावी लागते. ज्या कारणासाठी आपण १० सोडतोय, तीच अनिश्चितता पुन्हा कशाला ओढवायची? इथे भाच्याला लिनक्स मिंट २२ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकू द्या, तिला एप्रिल २०२९पर्यंत अपडेट आहेत. त्याआधी एसएसडी हवीच. फिरत्या डिस्कवर मिंटही रखडतं आणि मग दोष लिनक्सला लागतो. पेनड्राइव्हवरून मिंट काहीही न पुसता आधी चालवून बघता येतं. त्या अर्ध्या तासात वायफाय, आवाज, कॅमेरा आणि झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का, हे चारही तपासा. मुलीला मात्र एक विचारा, तिच्या कॉलेजच्या ऑनलाइन परीक्षेला कुठलं सॉफ्टवेअर लागतं? सेफ एक्झाम ब्राउझरसारखी परीक्षेची काही सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नाहीत. तसं असेल तर परीक्षा काउंटरच्या मशीनवर द्यायची की लॅपटॉपवर दुसरी सिस्टिम ठेवायची, हे आधीच ठरवा.

वेळ निवडताना मार्चअखेर आणि दहावी-बारावीच्या निकालानंतरचे प्रवेशाचे आठवडे टाळा. क्रमही असाच ठेवा, की आधी आतल्या मशीनची प्रतिमा, मग लॅपटॉप, आणि काउंटर सगळ्यात शेवटी, शनिवारी दुपारी दुकान बंद केल्यावर. रविवारी एक खरा फॉर्म भरा, एक ठसा घ्या, टॅलीत एक नोंद करा, प्रिंटरवर दहा पानं काढा. लॉगिनला मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’, म्हणजे डिस्कला लागणारं कुलूप, चालू झालंय का तेही त्याच दिवशी बघा. चालू असेल तर त्या कुलपाची ४८ आकडी किल्ली कागदावर लिहून दुकानाच्या गल्ल्यात नव्हे, घरच्या कपाटात ठेवा.